नवी राईड ‘जाहीर’ झाली, की ‘मंजूर’ झाली?

गेल्या मे महिन्यात आम्ही बाहेरगावच्या एका पार्कमध्ये गेलो होतो. आत शिरताच डाव्या हाताला पत्र्याचं लांबलचक कुंपण, त्यावर फ्लेक्स. निळं आकाश, त्यात वळसे घेत जाणारा लाल रोलर कोस्टर, खाली ठळक अक्षरांत ‘लवकरच’. माझा भाचा अकरा वर्षांचा. तो पत्र्यांच्या फटीला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मावशी, आत नुसता गांडो बावळ आहे गं.’’ बडोद्यात वाढलेली आमची मुलं वेड्या बाभळीला गुजराती नावानेच ओळखतात.

हाच फ्लेक्स त्याने दोन वर्षांपूर्वीही पाहिला होता. तेव्हा त्याची उंची मोठ्या राईडसाठी कमी पडायची. घरी, दांडिया बाजारात, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तो दर महिन्याला पेन्सिलने खूण करायला लागला. आता उंची भरली आणि राईडच्या जागी बाभळी. परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, ‘‘ते लोक खोटं बोलले का?’’ मी ‘नाही’ म्हटलं, पण नीट समजावता आलं नाही. ते इथे सविस्तर सांगते.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, फॅब्रिकेशनच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. आमच्याकडे इन्क्वायरी रोज येतात. ड्रॉइंग येतं, आम्ही भाव देतो, पार्टी येऊन शेड बघून जाते, चहा होतो, हात मिळवले जातात. पण पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, हातात येऊन ॲडव्हान्स जमा होईपर्यंत एकाही प्लेटला कटर लागत नाही. इन्क्वायरी खोटी नसते, पण इन्क्वायरी म्हणजे काम नव्हे. पार्कच्या बातम्यांमध्ये नेमका हाच फरक पुसला जातो.

जाहीर होणं म्हणजे पार्कने लोकांना सांगणं. मंजूर होणं म्हणजे पार्कने स्वतःला बांधून घेणं: संचालक मंडळाने रक्कम ठरवली, राईड बनवणाऱ्या कंपनीला ऑर्डर गेली, आगाऊ पैसे गेले. लग्नात ‘बोलणी चालू आहेत’ आणि ‘सुपारी फुटली’ यांत असतं तेवढं हे अंतर. फक्त लग्नात बोलणी आधी आणि सुपारी नंतर. पार्कच्या धंद्यात हा क्रम उलटाही असतो, आणि वाचणारा फसतो तो तिथेच.

आधी मंजुरीच्या बाजूने बघू, कारण खरं काम तिथे आहे. मोठं पार्क नव्या राईडचा विचार पाच-दहा वर्षांच्या आराखड्यात करतं. ‘किती थरारक’ हा प्रश्न बराच नंतर येतो. त्याआधी प्रश्न असतो तासाला किती माणसं बसवून उतरवता येतील हा. समजा गाडीत २४ जण बसतात आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. सुट्टीच्या दिवशी नऊ हजार लोक आले तर दहा तासांत प्रत्येकाला कसंबसं एकदा बसता येईल. त्यातच एखाद्या आजोबांना बसवायला दोन मिनिटं जास्त लागली, कुणाचा पट्टा नीट बसला नाही, की आकडा खाली आणि रांग बाहेर. मग विचार येतो कुणासाठी बांधायची याचा. कॉलेजच्या मुलांसाठी चार राईड आहेत, पण आजी आणि सहा वर्षांची नात एकत्र बसू शकतील अशी एकही नाही, तर पुढची राईड त्यांची असायला हवी. मग जागा, विजेचा भार, पार्किंग, आवाजाने त्रासणारे शेजारी.

या सगळ्यावर उत्तरं म्हणून चित्रकार आणि इंजिनीअर पाच-दहा कल्पना काढतात. डिस्नेची माणसं या टप्प्याला ‘ब्लू स्काय’ म्हणतात: पैशांची आणि जागेची अट न घालता विचार करायचा. बहुतेक कल्पना कपाटातच राहतात, आणि त्यात कुणाचा दोष नाही. दहा काढल्याशिवाय एक चांगली सापडत नाही, हे आमच्या ड्रॉइंग ऑफिसातला कुणीही सांगेल.

निवडलेल्या एका कल्पनेवर खर्च धरला जातो आणि ती मंजूर होते. मोठे कोस्टर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबिलार्ड, नेदरलँड्सची व्हेकोमा, जर्मनीची माक, आणखी काही. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ बोलिगरचा, आणि वंडरला कंपनीच्या चेन्नईतल्या पार्कमधला ‘तंजोरा’ही त्यांचाच. ऑर्डर दिल्यापासून माणसं बसेपर्यंत साधारण दीड-दोन वर्षं जातात. रूळ आणि खांब कंटेनरमधून येतात, इकडे पाया तयार व्हावा लागतो. उभारणी झाल्यावर माणसाच्या आकाराचे, पाण्याने भरलेले पुतळे बसवून गाडी पुन्हा पुन्हा फिरवतात, मग तपासणी.

यातली सगळ्यांत बोलकी खूण पायाच्या काँक्रीटमध्ये असते. खांब उभा करण्याआधी त्याला जखडून ठेवणारे अँकर बोल्ट काँक्रीटमधून वर काढलेले असतात. वर एक भोकं पाडलेली प्लेट ठेवून बोल्टची जागा मिलिमीटरमध्ये पक्की करतात, आट्यांना ग्रीस लावून चिंध्या किंवा टेप गुंडाळतात, म्हणजे काँक्रीटचे शिंतोडे बसत नाहीत. एकदा काँक्रीट धरलं की बोल्ट हलवता येत नाहीत. ते त्याच खांबासाठी असतात, तो त्याच राईडचा असतो. कुणी हौसेने अँकर बोल्ट पुरत नाही. जमिनीतून असे चिंध्या बांधलेले बोल्ट वर आलेले दिसले तर राईड मंजूर आहे, मग पार्कने तोंडातून शब्द काढला असो वा नसो.

अमेरिकेत ऑर्लँडोला युनिव्हर्सल कंपनीने नेमकं असंच केलं. त्यांच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ पार्कमधल्या व्हेलोसिकोस्टरचे रूळ येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते, हौशी मंडळी रोज फोटो टाकत होती, तरी कंपनी गप्प होती. अधिकृत घोषणा झाली सप्टेंबर २०२० मध्ये आणि राईड उघडली १० जून २०२१ ला. मंजुरी आधी, जाहीर करणं पार शेवटी. त्याच शहरात डिस्नेने ट्रॉन कोस्टर जुलै २०१७ मध्ये जाहीर केला. तो उघडला ४ एप्रिल २०२३ ला. मधे महासाथ येऊन गेली हे खरं, पण घोषणा लवकर करण्याची डिस्नेची पद्धत जुनीच. पहिल्या घोषणेनंतर नऊ महिने, दुसऱ्या घोषणेनंतर पावणेसहा वर्षं. ‘जाहीर झालं’ हा शब्द दोन्हीकडे तोच.

जाहीर होऊन मागे पडलेल्याही आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये डिस्नेने तिथल्याच आपल्या एपकॉट पार्कच्या ब्रिटन विभागात मेरी पॉपिन्सचं आकर्षण येणार म्हणून सांगितलं आणि पुढच्याच वर्षी ते बाजूला ठेवलं. मला जास्त शिकवणारं उदाहरण सप्टेंबर २०२२ चं वाटतं. चाहत्यांच्या संमेलनात कंपनीने आपल्या ॲनिमल किंगडम पार्कमधल्या एका विभागाच्या जागी काय काय येऊ शकेल याची चित्रं दाखवली. ‘हे नुसते विचार आहेत’ असं स्पष्ट सांगून दाखवली. तरी लोकांच्या मनात ती राईड म्हणूनच बसली, आणि पुढे तिथे जे ठरलं ते वेगळंच होतं. ऑगस्ट २०२४ च्या संमेलनात मग कंपनीने मुद्दाम सांगितलं की आज दाखवतोय त्या सगळ्यावर प्रत्यक्ष काम चालू आहे. मोठ्या कंपनीला असा खुलासा करावा लागला, यावरून गोंधळ किती होता ते समजतं.

आता ‘मंजूर’ या शब्दातली अडचण. एक मंजुरी पैशांची, ती संचालक मंडळ देतं. दुसरी परवानगीची, ती सरकार, नगरपालिका, अग्निशमन विभाग देतात. बातमीत नुसतं ‘मंजूर’ लिहिलेलं असतं, कुणाचं ते नसतं. १९९३ च्या नोव्हेंबरात डिस्नेने अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ‘डिस्नेज अमेरिका’ नावाचं इतिहासावरचं पार्क जाहीर केलं. राज्याच्या विधिमंडळाने मदतीचा निधीही मंजूर केला. पण जागा यादवी युद्धातल्या मनासासच्या रणभूमीजवळ होती, इतिहासकार आणि रहिवासी विरोधात उभे राहिले, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने स्वतःच बेत सोडला.

उलटही होतं, आणि ते आम्हा गुजरातमधल्या लोकांना सांगावं लागत नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जणांचा जीव गेला, त्यांत मुलं होती. तिथे राईड जाहीरही होती, बांधलेलीही होती, तिकिटंही विकली जात होती. अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र मात्र नव्हतं. त्या दिवसापासून पार्कच्या बातमीत मी परवान्याचं वाक्य आधी शोधते.

घोषणा लवकर का करतात, याचं कारण साधं आहे: तिकिटं. अमेरिकेतली हंगामी पार्क पुढच्या वर्षीची राईड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सांगतात, कारण तेव्हा पुढच्या हंगामाचे पास विकायला काढलेले असतात. यात मला काही गैर वाटत नाही. वर्ष लिहिलं असलं, कंपनीचं नाव सांगितलं असलं, तर ती घोषणा मंजुरीवर उभी आहे. माझा राग नुसत्या ‘लवकरच’वर आहे. त्या शब्दाला तारीख नाही, म्हणून तो कधी खोटाही ठरत नाही, आणि मूल मात्र चौकटीवर खुणा करत राहतं.

आपल्याकडे आणखी एक शब्द मधे येतो, तो एमओयू. ‘व्हायब्रंट गुजरात’ ही गुंतवणूकदारांची परिषद २००३ पासून भरतेय, तेव्हापासून हा शब्द घराघरांत पोचला. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘पार्कचा करार झाला’ अशी बातमी आली की काका लगेच विचारतात, बडोद्याहून किती तास? सामंजस्य करारात इरादा असतो, बांधिलकी फारशी नसते. आमच्या भाषेत तो हात मिळवण्याचा क्षण, पीओ अजून लांब.

शेअर बाजारात असलेल्या कंपनीची बातमी वाचायला मला त्यामुळे आवडते. वंडरला २०१४ पासून बाजारात आहे. अशा कंपनीला महत्त्वाचे निर्णय शेअर बाजाराला कळवावे लागतात. तिथे रंगीत आकाश नसतं. मंडळाची बैठक कधी झाली, रक्कम किती, जागा कुठे, एवढंच कोरडं लिहिलेलं. चेन्नईच्या पार्कचं नाव कितीतरी वर्षं ऐकू येत होतं, स्थानिक कराचा प्रश्न सुटेपर्यंत काम अडलं होतं, आणि २ डिसेंबर २०२५ ला दारं उघडली. मधल्या काळात वर्तमानपत्रांत ‘येणार, येणार’ वाचणाऱ्याला ते रखडलेलं वाटलं असेल. कागद वाचणाऱ्याला ते कुठे अडलंय हे कळत होतं.

परदेशी चाहते तर याच्याही पुढे गेलेत. बांधकामाचे परवाने, ट्रेडमार्कचे अर्ज, उंच क्रेनसाठी विमान खात्याला दिलेली सूचना, सगळं शोधून काढतात. अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच क्रेन लावायची तर तिथल्या विमान खात्याला आधी कळवावं लागतं, म्हणून कोस्टर केवढा असेल याचा अंदाज घोषणेच्या आधीच बांधला जातो. ट्रेडमार्क मात्र कच्चा पुरावा. नाव राखून ठेवायला फार खर्च येत नाही, आणि राखलेली कितीतरी नावं कधी वापरलीच जात नाहीत.

हे सगळं मी भाच्याला जूनमध्ये सांगितलं, कमाटी बागेत, शेंगदाणे खात. अँकर बोल्ट कागदावर काढून दाखवले, चिंध्यांसकट. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला.

दिवाळीत तो शाळेतल्या मित्राच्या कुटुंबाबरोबर पुन्हा त्याच पार्कला गेला. संध्याकाळी मित्राच्या आईच्या फोनवरून मला एक फोटो आला, पत्र्याच्या फटीतून काढलेला, अर्धा अंधारलेला. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, बावळ कापलाय. बोल्ट अजून नाहीत.’