प्लॅस्टिकच्या भिंगातलं प्रकाशशास्त्र

होल्गा कॅमेऱ्याचा फोटो लगेच ओळखू येतो. मधला चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट, कडेची झाडं-घरं विरघळलेली, चारही कोपरे काळवंडलेले आणि कुठेतरी आगंतुकासारखा शिरलेला तांबूस उजेड. हाच परिणाम देणारे फिल्टर आता मोबाइलमध्ये ढिगाने मिळतात. पण मूळ कॅमेऱ्यात यातल्या प्रत्येक गोष्टीला भौतिकशास्त्रातलं कारण आहे, आणि ते शोधणं मला फोटो काढण्याइतकंच आवडतं.

होल्गा १९८२ साली हाँगकाँगमध्ये आला, सामान्य चिनी कुटुंबाला परवडावा म्हणून. प्लॅस्टिकची डबी, १२० चा (कागदात गुंडाळलेल्या रुंद फिल्मचा) रोल आणि पुढे ६० मिलिमीटर नाभीय अंतराचं, तेही प्लॅस्टिकचं, एकच भिंग. ज्यांच्या घरी आग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेरा होता, त्यांना हा रोल आणि पाठीमागची लाल खिडकी नक्की आठवेल.

महागड्या लेन्समध्ये पाच-सहा भिंगं एकमेकांचे दोष सावरतात. एकट्या भिंगाला असा आधार नसतो. सपाट भिंतीची प्रतिमाही ते सपाट पाडत नाही. स्पष्ट प्रतिमा वाटीसारख्या वाकलेल्या पृष्ठावर पडते. फिल्म मात्र सपाट. त्यामुळे मध्य जुळला की कडा सुटतात. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वॉलस्टन यांनी १८१२ साली, म्हणजे फोटोग्राफी जन्मायच्याही आधी, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोलगट भिंग घेऊन योग्य जागी छोटं छिद्र ठेवलं, तर ही वाटी बरीच उथळ होते असं दाखवलं. स्वस्त कॅमेऱ्यांचं काम पुढे दीडशे-दोनशे वर्षं याच युक्तीवर चाललं. एकदा वापरून टाकायच्या काही कॅमेऱ्यांत तर उलटा उपाय केला: भिंग तसंच ठेवून फिल्मच वाकवली!

कोपरे काळे का होतात, याचं गणितही सोपं आहे. कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश इथे साधारण ३३ अंश तिरका असतो. तिरकेपणा वाढला की प्रकाश त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे कोपऱ्यात जेमतेम निम्मा पोहोचतो. त्यातलाही काही भिंगाभोवतीची नळी अडवते.

जुन्या होल्गावर ऊन आणि ढग अशी दोन चित्रं असलेली कळ आहे. ती फिरवून फारसं काही बदलत नसे, कारण आतलं पक्कं छिद्रच लहान होतं, सुमारे एफ/१३, म्हणजे नाभीय अंतराच्या तेराव्या भागाएवढं. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तरीही फोटो येतात, याचं श्रेय निगेटिव फिल्मला. प्रकाश पडेल तिथे ती काळी होते, पण जादा प्रकाश पडला तरी तिचा काळेपणा एकदम कळसाला पोहोचत नाही, हळूहळू चढतो. प्रकाश आणि काळेपणा यांच्या नात्याचा हा आलेख हर्टर आणि ड्रिफील्ड या संशोधकांनी १८९० मध्ये मांडला. म्हणून भर उन्हातही ४०० चा, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील, रोल बिनधास्त भरावा. प्रकाश कमी पडणं हे जास्त पडण्यापेक्षा वाईट.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती लाल खिडकी. तिच्यातून रोलमागच्या कागदावरचे आकडे वाचत फिल्म पुढे सरकवायची. पूर्वीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चाले आणि कॅमेऱ्याला लाल काच चाले. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली आणि ती लाल उजेडानेही काळी पडू लागली. खिडकी मात्र तशीच राहिली. आता फिल्मला वाचवतो तो फक्त मागचा काळा कागद. त्याच्या कडेने उजेड घुसला की तांबूस डाग पडतो. डाग नको असेल तर खिडकीवर आणि झाकणाच्या फटींवर काळी चिकटपट्टी लावायची, आकडा पाहायचा तोही सावलीत.

अमेरिकी छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात उमेदवार अल गोर यांना याच कॅमेऱ्याने टिपलं आणि त्या फोटोला व्हाइट हाउस न्यूज फोटोग्राफर्स असोसिएशनचा पुरस्कार मिळाला. कडा पुसट झाल्याने नजर आपोआप माणसावर जाते. व्यंगाचा इतका नेमका उपयोग मी क्वचितच पाहिला आहे.

शटर आणि रोलची चावी एकमेकांशी जोडलेली नसल्यामुळे एकाच चौकटीवर दोनदा फोटो घेता येतो. दोन्ही वेळचा प्रकाश फिल्मवर बेरजेने साठतो. म्हणून आधी गडद पार्श्वभूमीवरचा माणूस घ्यावा, मग पानांची जाळी: पानं त्या गडद भागातच उमटतात, आधीच उजळ असलेल्या चेहऱ्यावर फारशी येत नाहीत.