लेथ मॉडस्लेने शोधला? नाही!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा पोरगा लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर, उभा राहिला की वस्ताद हमखास सांगतात, "हेन्री मॉडस्लेनं लेथ शोधला." मॉडस्ले म्हणजे इंग्लंडचा यंत्रकार. आयटीआयमध्ये मीही हेच घोकलं होतं. ते चूक आहे.

लेथ मुळात हजारो वर्षं जुना. दोरी ओढून लाकूड फिरवायचं आणि हातातल्या पटाशीनं कातायचं, हे मॉडस्लेच्या कितीतरी आधीपासून चालत होतं. बरं, हत्यार हातात न धरता सरकत्या टूलपोस्टवर (हत्यार पकडणाऱ्या भागावर) बसवायची कल्पना तरी त्याची? तीही नाही. फ्रान्सच्या वोकाँसाँ या यंत्रकाराचा १७५१ च्या सुमाराचा तसा लोखंडी लेथ पॅरिसच्या संग्रहालयात आहे. लीड स्क्रू (हत्यार ठरल्या गतीनं पुढे सरकवणारा लांब स्क्रू) आणि गिअरनं आटे, म्हणजे स्क्रूवरच्या चकरी खाचा, पाडायचं यंत्र तर लिओनार्दो द विंचीनं १५०० च्या आसपास कागदावर काढलं होतं.

मग मॉडस्लेचं काय? १८०० च्या सुमारास त्यानं लीड स्क्रू, सरकता टूलपोस्ट आणि बदलते गिअर भक्कम धातूच्या लेथवर एकत्र आणले. त्यामुळे गिअर बदलला की हव्या त्या पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे, तेही पुन्हापुन्हा तंतोतंत! माझ्या मते हे काम शोधापेक्षा तसूभरही कमी नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यांत आजही साध्या लेथवर आटे पाडताना आपण तीच जुळणी वापरतो.