एक संगणक, एक माणूस: ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची पार्श्वभूमी

१९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने संकेतस्थळांचे पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय दिली. घरच्या संगणकावर ती उपयोगी होती. दर तासाला नवे गिऱ्हाईक बसवणाऱ्या सायबर कॅफेत मात्र ती धोक्याची होती. पुढच्याच वर्षी विंडोज २००० मध्ये गुप्त माहिती कूटबद्ध करणारी यंत्रणा आली आणि तिची किल्ली वापरकर्त्याच्या विंडोज खात्याला जोडलेली होती. त्यामुळे संगणकाची डिस्क कोणी पळवली तरी पासवर्ड सहज वाचता येत नव्हते. परंतु त्या खात्यात एकदा प्रवेश झाला की समोर कोण बसले आहे, हे ती यंत्रणा विचारत नव्हती. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने विंडोजवर हाच आधार घेतला. २००४ च्या फायरफॉक्समध्ये सर्व पासवर्डांवर एक मुख्य पासवर्ड लावता येई, पण तो ऐच्छिक होता आणि ऐच्छिक कुलूप फार थोडे लोक लावतात.

ऑगस्ट २०१३ मध्ये यावर जाहीर वाद झाला. क्रोमच्या सेटिंगमध्ये साठवलेले पासवर्ड कोणालाही उघड वाचता येतात, असा आक्षेप एका विकसकाने घेतला. त्यावर क्रोमच्या सुरक्षाप्रमुखांचे उत्तर असे होते की, ज्याच्या हाती तुमचे उघडे खाते आहे त्याला वरवरचा पडदा अडवू शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते, तरीही मला ते अपुरे वाटते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत किंवा नवी पेठेतील दुकानांत मालक, मुनीम आणि कर सल्लागाराचा मदतनीस एकाच संगणकावर, एकाच विंडोज खात्यात काम करताना आढळतात आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून विवरणपत्रांचे, बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड त्याच ब्राउझरमध्ये साठत गेले आहेत. अशा ठिकाणी धोका अनोळखी हल्लेखोराचा नसून रोजच्या, सहज नजरेचा असतो आणि तिला तो पडदा नक्कीच अडवतो. क्रोमने पुढे पासवर्ड दाखवण्याआधी विंडोजचा पासवर्ड विचारायला सुरुवात केली, मात्र लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला जाणे तसेच राहिले.

सिंकमुळे, म्हणजे एकाच खात्याने उघडलेल्या सर्व यंत्रांवर पासवर्ड आपोआप पोहोचवणाऱ्या सोयीमुळे, ही साठवण एका यंत्रापुरती उरली नाही. २०२३ मध्ये इतर कंपन्यांना लॉगिनची सेवा पुरवणाऱ्या ऑक्टा या कंपनीत झालेल्या घुसखोरीचा माग एका कर्मचाऱ्याच्या खासगी गूगल खात्यापर्यंत गेला, कारण कंपनीच्या एका खात्याचा पासवर्ड तेथे साठवला गेला होता.

दरम्यान पासवर्ड चोरणारे प्रोग्राम हा स्वतंत्र धंदा झाला. २०२० मध्ये दिसू लागलेला रेडलाइन त्यांतला कुप्रसिद्ध. फुकटात मिळवलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरबरोबर असा प्रोग्राम आत आला की तो वापरकर्त्याच्याच खात्यात चालतो, त्याच्याच नावाने विंडोजकडे उलगडा मागतो आणि विंडोज तो देते. जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीने, प्रथम कुकींसाठी (लॉगिन चालू ठेवण्यासाठी संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींसाठी), मागणारा प्रोग्राम खरोखर क्रोमच आहे का हे तपासणारे संरक्षण आणले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत पासवर्ड चोरणाऱ्या अनेक प्रोग्रामांचे कर्ते ते ओलांडल्याचा दावा करू लागले होते.