पाळक येईपर्यंतची मंडळी : नाशिकमधल्या एका जुन्या व्यवस्थेची पार्श्वभूमी

पाळकसाहेबांची, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या धर्मगुरूंची, बदली होते, निरोपाची उपासना होते, पाळकनिवासाला कुलूप लागतं आणि नव्या नेमणुकीचं पत्र मात्र आलेलं नसतं. नाशिकच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना, म्हणजे एकेका चर्चच्या समुदायाला, हा काळ अनोळखी नाही. कधी तो दोन-तीन महिन्यांत सरतो, कधी वर्षावर जातो. तेवढ्या काळात उपासना कोण चालवणार, बाप्तिस्मा आणि लग्नं कशी लागणार, चेकवर सही कोणाची, याची उत्तरं मंडळीतल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. ती आली कुठून, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्यामुळे कमिटीच्या बैठकीत आवाज चढला की तो दोन माणसांमधला वाद वाटतो. बऱ्याचदा तो वाद दोन मिशनच्या दोन शिस्तींमधला असतो, आणि त्याचं वय शंभर वर्षांहून जास्त असतं.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं 1832 साली. ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली संस्था. अभिषिक्त (विधिपूर्वक दीक्षा मिळालेला) पाळक असल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, नाही आणि बिशपांच्या परवानगीशिवाय पाळक नाही, हा तिचा नियम. पुढे 1854 च्या सुमारास विल्यम प्राइस या मिशनऱ्यांनी शहराच्या पश्चिमेला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आज शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात; त्या रस्त्याचं नाव या वस्तीवरून पडलं. तिथे अनाथालय होतं, शाळा होती, हातकामाचं शिक्षण होतं. पण मिशनरी मोजके आणि गावं पुष्कळ. पावसाळा संपला की मिशनरी दौऱ्यावर निघायचे, गावोगाव प्रभुभोजन आणि बाप्तिस्मे उरकायचे आणि पुढच्या गावाला जायचे. मधल्या महिन्यांत प्रार्थना घ्यायची ती उपदेशकाने, नाहीतर मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी. घरोघरी जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायचं काम बायबलबाईंचं. म्हणजे इथल्या मंडळीने पाळकाविना रविवार पाळायचं वळण आधी लावून घेतलं. कायमचा पाळक तिला नंतर मिळाला.

या घडणीचं सर्वांत ठळक उदाहरण नाशिकपासून फार लांब घडलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली मुलं मुंबईत आणली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरला शिकायला येत. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. 1872 साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला जी माणसं पाठवली गेली, त्यांत शरणपूरची अशी मुलं होती. मे 1873 मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारले. जवळपास एकही पाळक नव्हता. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधीची प्रार्थना वाचली वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. सोबत्यांनी पार्थिव किनाऱ्यापर्यंत वाहून नेलं. एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला धरणाऱ्यांमध्ये वेनराइट होता. पुढच्याच वर्षी प्राइस यांच्या देखरेखीखाली मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली आणि शरणपूरचे बरेच आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे गेले. अभिषेक नसलेला, पण प्रार्थनेचं पुस्तक नीट वाचता येणारा माणूस अंत्यविधी चालवू शकतो, हे शरणपूरच्या शाळेने शिकवलं होतं. आजही पाळक नसताना मंडळीत कोणी वारलं तर वडीलधारी व्यक्ती तोच विधी वाचते. दफन कोणासाठी थांबवलं जात नाही.

अँग्लिकन पद्धतीत हे सोपं जातं, कारण सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना पुस्तकात शब्दन् शब्द छापलेली असते. पाळकाऐवजी ती वाचणाऱ्या माणसाने, म्हणजे वाचकाने, फक्त दोन जागा सांभाळायच्या. पहिली जागा पापकबुलीनंतरची. तिथलं क्षमेचं वचन पाळकाने उभं राहून उच्चारायचं असतं. वाचकाने ते सोडून त्याऐवजी क्षमा आणि शांती मागणारी, त्रैक्य सणानंतरच्या (ट्रिनिटी संडेनंतरच्या) 21 व्या रविवारची नेमलेली प्रार्थना म्हणायची. दुसरी जागा शेवटच्या आशीर्वादाची. पाळक हात उंचावून ‘तुम्हा सर्वांसह असो’ म्हणतो. वाचकाने हात उंचावायचा नाही आणि बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 13 व्या अध्यायातलं 14 वं वचन ‘आम्हा सर्वांसह असो’ असं म्हणायचं. एका अक्षराचा फरक आहे, पण मंडळीच्या कानाला तो लगेच कळतो. उत्साहाच्या भरात एखादा वाचक हात उंचावतो आणि पुढच्या बैठकीचा अर्धा तास त्यावर जातो. हा मान-अपमानाचा प्रश्न करू नये. वाचकाला आधीच्या शनिवारी या दोन जागा पुस्तकात पेन्सिलने खुणावून द्याव्यात, म्हणजे काम भागतं.

दुसरा प्रवाह अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. अमेरिकन मराठी मिशनने तिथे 1831 मध्ये ठाणं मांडलं. हे काँग्रिगेशनल परंपरेचे लोक. त्यांच्याकडे मंडळी हीच शेवटची सत्ता. ती स्वतः पाळक बोलावते, त्याचा पगार ठरवते आणि पटलं नाही तर त्याला निरोपही देते. बिशप नाही. 1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली, तरी ‘पाळक आम्ही निवडतो’ ही भावना तशीच राहिली.

इकडे 1929 मध्ये मुंबईच्या डायोसिसमधून (डायोसिस म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन डायोसिस निघाला आणि फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप झाले. 1930 मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले, त्यांच्यामागून येणारा पैसाही आटला आणि एका पाळकाकडे दोन-तीन मंडळ्या ही नित्याची गोष्ट झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, युनायटेड चर्चवाले होते, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्टांचा एक भाग आणि डिसायपल्सही होते. आज डायोसिसचं नाव नाशिकचं आहे आणि बिशपांचं कार्यालय अहिल्यानगरला. नेमणूक बिशपांनी करायची, ही अँग्लिकन बाजू. मंडळीच्या कमिटीचं म्हणणं विचारात घ्यायचं, ही काँग्रिगेशनल बाजू. चर्चच्या घटनेत दोन्ही सुखाने नांदतात. पाळकाची जागा रिकामी झाली की मात्र प्रत्येकाला आपल्या आजोबांची बाजू आठवते. शरणपूरच्या जुन्या घराण्यातला माणूस ‘बिशपसाहेबांकडून पत्र येईल तेव्हा येईल’ म्हणून शांत बसतो. नगर भागातून नोकरीसाठी सातपूर-सिडकोत आलेलं कुटुंब सह्यांचा अर्ज फिरवायला लागतं. दोघंही आपल्या जागी प्रामाणिक असतात. कॅथलिकांचा कारभार निराळा. त्यांचा नाशिक डायोसिस 1987 मध्ये पुण्यातून वेगळा झाला आणि तिथे नेमणुकीत मंडळीच्या मताचा प्रश्नच फारसा येत नाही.

या दोन्ही प्रवाहांना जोडणारा तिसरा धागा भजन-कीर्तनाचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही दर रविवारी गायली जातात. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. 1936 मध्ये त्यांचं निधनही नाशिकलाच झालं. ख्रिस्ती कीर्तनाला अभिषिक्त माणूस लागत नाही. पेटी, तबला, झांजा आणि वचन माहीत असलेला कीर्तनकार एवढं पुरतं, आणि कीर्तनकार बाई असली तरी कोणाची हरकत नसते. म्हणून पाळक नसलेल्या महिन्यांत घरसभा आणि कीर्तनं वाढतात. महिला मंडळाची बुधवारची किंवा शुक्रवारची प्रार्थनासभा तर या काळात मंडळीचा खरा कणा ठरते. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी पोरगं बेकार बसलंय, याची खबर आधी तिथे पोहोचते. कमिटीने या बायकांकडून दर आठवड्याला आजाऱ्यांची नावं मागून घ्यावीत आणि गंगापूर रोड, सातपूर, सिडको, नाशिकरोड, देवळाली असे भाग पाडून भेटी वाटून द्याव्यात. ‘कोणीतरी जाईलच’ असं म्हटलं की कोणीच जात नाही.

आता ज्या गोष्टी वाचकाला करता येत नाहीत त्यांच्याकडे वळू. प्रभुभोजनासाठी जवळच्या मंडळीचे पाळक प्रभारी म्हणून महिन्यातून एकदा येतात. त्यांची स्वतःची मंडळी सकाळी असते, म्हणून इथली उपासना दुपारी किंवा संध्याकाळी ठेवावी लागते. वेळेचा हा बदल आधीच्या दोन रविवारी जाहीर केला नाही तर निम्मे लोक सकाळी येऊन परत जातात. द्राक्षरस बऱ्याच ठिकाणी पाळकांच्याच घरी तयार व्हायचा. ते गेल्यावर कृती कोणालाच येत नाही आणि ऐनवेळी बाटलीतलं रंगीत सरबत आणलं जातं. द्राक्षांच्या या जिल्ह्यात तशी वेळ येऊ नये. पाव किलो काळे मनुके धुऊन एक लिटर पाण्यात शुक्रवारी रात्री भिजवावेत, शनिवारी सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळावेत, कुस्करून मलमलच्या कापडातून गाळावेत आणि गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं. छोट्या कपांनी साठेक लोकांना पुरतो. मे महिन्यात भिजवलेले मनुके बाहेर जास्त वेळ राहिले तर फेस धरतात आणि रस आंबतो. तसा वास आला तर तो टाकून नव्याने करावा. उरलेली भाकर आणि रस त्याच दिवशी, तिथेच संपवायचा.

बाप्तिस्म्यासाठी साधारणपणे प्रभारी पाळकांची वाट पाहतात. मूल अत्यवस्थ असेल तर कोणीही ख्रिस्ती व्यक्ती पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. तो पुन्हा द्यायचा नसतो. मूल बरं झालं की चर्चमध्ये आणून मंडळीपुढे त्याचं स्वागत करायचं आणि नोंद करायची. ही नोंद राहून जाते. दहा-पंधरा वर्षांनी दाखला मागायला आलं की रजिस्टरमध्ये नाव सापडत नाही. म्हणून दिवस, वेळ, साक्षीदार लिहिलेला कागद त्याच आठवड्यात सेक्रेटरींकडे द्यावा.

लग्नाच्या बाबतीत सवलत नाही. 1872 च्या इंडियन ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्टप्रमाणे विवाह लावण्याचा अधिकार ठरावीक व्यक्तींनाच आहे : बिशपांकडून अभिषेक झालेले पाळक, सरकारी परवाना असलेले धर्मसेवक, विवाह निबंधक वगैरे. मंडळीतला उपदेशक कितीही जुनाजाणता असला तरी त्याने लावलेलं लग्न कायद्यापुढे उभं राहत नाही. साधारणपणे वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 मधली हवी आणि पाळकाशिवाय किमान दोन साक्षीदार हवेत. लग्नाची घोषणा तीन रविवार मंडळीपुढे करायची रीत आहे. ती कोण वाचणार आणि वाचल्याची सही कोण करणार, हे प्रभारी पाळकांना विचारून लेखी ठेवावं. कुटुंबं आधी कार्यालय ठरवतात आणि पाळकांना नंतर विचारतात. जागा रिकामी असताना हा क्रम उलटा केला तरच निभाव लागतो.

कागदांचा आणि पैशांचा भाग सर्वांत रुक्ष, आणि मंडळ्या सर्वांत जास्त अडकतात त्या इथेच. पाळक जाण्याच्या आधीच चार्ज यादी करून घ्यावी : बाप्तिस्मा, हस्तार्पण (बिशप डोक्यावर हात ठेवून सभासदत्व पक्कं करतात तो विधी), विवाह आणि दफनाची रजिस्टरं कितव्या पानापर्यंत भरली आहेत, उपासनेची नोंदवही, प्याला आणि थाळी, किल्ल्या, कबरस्तानाचा नकाशा. बँकेच्या खात्यावर पाळकांची सही असेल तर ते गावात असतानाच कमिटीचा ठराव करून सही बदलून घ्यावी. ते राहिलं तर वीजबिल आणि वॉचमनचा पगार कोणाच्या तरी खिशातून जातो आणि वर्षाअखेरीस हिशेब जुळत नाही. मंडळीची स्वतःची ट्रस्ट नोंदणी असून तिच्यावर पाळकांचं नाव असेल, तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अर्पणाची मोजणी दोघांनी मिळून, उपासना संपताच, चर्चमध्येच करावी आणि दोघांनी वहीत सही करावी. घरी नेऊन मोजू नये, माणूस कितीही विश्वासाचा असला तरी.

काही गोष्टी या काळात करूच नयेत असं आमचं ठाम मत आहे. जागा भाड्याने देणं, वेदीची मांडणी बदलणं, उपासनेची वेळ कायमची हलवणं, हे निर्णय नव्या पाळकांसाठी ठेवावेत. मंडळीतच राहणाऱ्या निवृत्त पाळकांना प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला बोलावण्याचा मोह होतो. त्यांचा आदर राखावाच, पण बोलावणं प्रभारी पाळकांच्या मार्फत जावं. नाहीतर नवे पाळक येतात तेव्हा मंडळीत आधीच दोन पाळक झालेले असतात. उपदेशाची पाळी तीन महिन्यांची आधी लावावी आणि एका माणसाला महिन्यातून दोनदा उभं करू नये. व्यासपीठावरून हिशेबाचे किंवा नेमणुकीचे विषय निघायला लागले की पाळी चुकली असं समजावं.

बदल्या बहुधा शाळांचं वर्ष संपल्यावर होतात, त्यामुळे रिकामा काळ उन्हाळ्यात सुरू होतो आणि पाळकनिवास पावसाळ्यात बंद राहतो. नाशिकच्या पावसात बंद घराला ओल धरते. कौलं किंवा गच्ची मे महिन्यातच पाहून घ्यावी, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडाव्यात, बोअरची मोटर चालवून बघावी. सामानाचा टेम्पो दारात उभा राहिल्यावर प्लंबर शोधत फिरायला लागू नये. नेमणुकीच्या उपासनेनंतर पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरी आणि खजिनदारांनी चार्ज यादी घेऊन पाळकसाहेबांसोबत बसावं, मधल्या काळातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एकेक करून दाखवावीत, अपुऱ्या नोंदी प्रभारी पाळकांकडून पुऱ्या करून घ्याव्यात आणि घरी भेट द्यायच्या आजाऱ्यांची यादी त्यांच्या हातात द्यावी. ज्यांनी वर्षभर वचन वाचलं त्यांची नावं वाचनाच्या पाळीत पुढेही राहू द्यावीत.