पगारी कौटुंबिक व वैद्यकीय रजेसाठी मालकांना करसवलत (अमेरिका)

बाळंतपण, दत्तकविधान, घरच्या माणसाचे गंभीर आजारपण किंवा स्वतःचे मोठे दुखणे अशा कारणांसाठी कर्मचाऱ्याला रजा देऊन त्या काळातला पगार चालू ठेवणाऱ्या मालकाला अमेरिकेचे संघीय सरकार प्राप्तिकरात देत असलेली सवलत. अमेरिकी महसूल संहितेच्या कलम ४५-एस मध्ये तिची तरतूद आहे. २२ डिसेंबर २०१७ रोजी मंजूर झालेल्या करसुधारणा कायद्याने ती केवळ दोन वर्षांसाठी आणली. नंतर मुदत आधी २०२० अखेरपर्यंत आणि मग २०२५ अखेरपर्यंत वाढली. ४ जुलै २०२५ च्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल ॲक्ट’ने ती कायमस्वरूपी केली.

ही सवलत समजून घ्यायची तर आधी १९९३ चा कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायदा पाहावा लागतो. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ५ फेब्रुवारी १९९३ रोजी सही केलेल्या या कायद्याने पात्र कर्मचाऱ्याला वर्षाला १२ आठवड्यांची रजा मिळते, नोकरी शाबूत राहते आणि कंपनीचा आरोग्यविमाही चालू राहतो. मात्र ही रजा बिनपगारी असते. शिवाय खासगी क्षेत्रात तो लागू होतो ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना. कर्मचाऱ्याची १२ महिने नोकरी आणि मागील वर्षभरात १,२५० तास काम झालेले असावे लागते. म्हणजे हक्क रजेचा आहे, रजेतल्या पगाराचा नाही. महिन्याचे घरभाडे पगारावरच चालणाऱ्या माणसाला अशा हक्काचा उपयोग कितपत, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पगारी रजा सक्तीची करणारा सर्वसाधारण संघीय कायदा खासगी क्षेत्रासाठी आजही नाही. सक्ती नको, पण उत्तेजन द्यावे, या मधल्या वाटेतून कलम ४५-एस जन्माला आले. सिनेटमध्ये त्याचा पाठपुरावा नेब्रास्काच्या रिपब्लिकन डेब फिशर आणि मेनचे अपक्ष अँगस किंग यांनी केला.

सवलतीचे स्वरूप ‘टॅक्स क्रेडिट’चे आहे. वजावटीत करपात्र उत्पन्न कमी होते. क्रेडिटची रक्कम थेट द्यायच्या करातूनच वळती होते. तिचा दर रजेत किती पगार दिला यावर ठरतो. आपल्याकडच्या सरकारी नोकरीतल्या भाषेत सांगायचे तर शिडीची पहिली पायरी अर्धपगारी रजा आणि शेवटची भरपगारी. नेहमीच्या पगाराच्या निम्मी रक्कम दिली तर दिलेल्या रकमेच्या १२.५ टक्के क्रेडिट मिळते. निम्म्याच्या वर प्रत्येक टक्क्यामागे दर पाव टक्क्याने चढतो आणि पूर्ण पगार दिल्यास २५ टक्क्यांवर थांबतो. निम्म्याहून कमी दिले तर काहीच नाही. एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला जास्तीत जास्त १२ आठवड्यांची रजा हिशेबात धरतात.

एक हिशेब करून पाहू. आठवड्याला १,००० डॉलर पगार असलेली कर्मचारी सहा आठवडे रजेवर गेली आणि मालकाने ६० टक्के पगार दिला, तर त्याने ३,६०० डॉलर मोजले. दर झाला १५ टक्के; क्रेडिट ५४० डॉलर. पण इथे एक पाचर आहे. जितके क्रेडिट घेतले, तितकी पगारखर्चाची वजावट सोडावी लागते. कंपनीकराचा दर २१ टक्के धरला तर ५४० मधले सुमारे ११३ डॉलर असे परत जातात आणि निव्वळ फायदा उरतो ४२७ डॉलरच्या आसपास. पूर्ण पगार दिला असता तर ६,००० डॉलरवर १,५०० डॉलर क्रेडिट आणि हातात राहणारी रक्कम १,१८५ डॉलर. पण मालकाला त्यासाठी २,४०० डॉलर जास्त मोजावे लागले असते.

मालकाकडे रजेचे लेखी धोरण असावे लागते. त्यात पात्र पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला किमान दोन आठवडे आणि अर्धवेळ कर्मचाऱ्याला तासांच्या प्रमाणात रजा असली पाहिजे. रजा १९९३ च्या कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच राखलेली हवी. त्यात लष्करात असलेल्या नातलगाशी संबंधित कारणेही येतात. सुट्टीवर जायला, सर्दीतापाला किंवा वैयक्तिक कामाला वापरता येणारी सरमिसळ रजा या हिशेबात धरत नाहीत. पुष्कळ छोट्या मालकांची अडचण नेमकी इथे होते, कारण त्यांच्याकडे सगळ्या रजांचे एकच खाते असते. ज्या मालकांना १९९३ चा कायदा लागू होत नाही त्यांनाही सवलत घेता येते, मात्र रजा मागणाऱ्याला आडकाठी करणार नाही वा त्याच्यावर डूख धरणार नाही अशी हमी धोरणात लिहून द्यावी लागते.

कर्मचाऱ्याच्या बाजूने अट पगाराची आहे. आदल्या वर्षीचा त्याचा पगार ‘उच्चवेतनी कर्मचारी’ ठरवण्याच्या करकायद्यातील मर्यादेच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. २०१८ साठी ही रेषा ७२,००० डॉलर होती, २०२५ साठी ९३,०००. हेतू स्पष्ट आहे : वरच्या पगारदारांना पगारी रजा बहुधा मिळतेच, सरकारी पैसा खालच्यांसाठी खर्च व्हावा. त्यामुळे न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या अनेक मराठी संगणक अभियंत्यांच्या रजेवर त्यांच्या कंपनीला हे क्रेडिट मिळत नाही, त्यांच्याच इमारतीतल्या कमी पगाराच्या स्वागतिकेच्या रजेवर मिळू शकते.

याच दोन राज्यांमुळे सवलतीतला आणखी एक गुंता दिसतो. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये कायदा करून २००४ पासून, तर न्यू जर्सीने २००९ पासून पगारी कौटुंबिक रजेचा राज्य विमा सुरू केला. ऱ्होड आयलंड, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स वगैरे राज्ये त्यामागोमाग गेली. राज्याने दिलेल्या किंवा राज्याच्या कायद्याने सक्तीच्या केलेल्या रकमेवर संघीय क्रेडिट नाही. सुरुवातीच्या नियमांत तर पगाराची किमान ५० टक्क्यांची पातळी गाठली की नाही हे ठरवतानाही ती रक्कम धरत नसत. त्यामुळे जिथे राज्य विमा पगाराचा मोठा हिस्सा भागवी, तिथला मालक वरची थोडी भर घालूनही सवलतीला मुकत असे. २०२५ च्या कायद्याने ही चूक दुरुस्त केली : धोरण अटी पुरे करते का हे पाहताना राज्याची रक्कम मोजायची, क्रेडिट मात्र मालकाच्या स्वतःच्या खर्चावरच द्यायचे.

त्याच कायद्याने केलेला दुसरा बदल जास्त महत्त्वाचा ठरण्याची शक्यता आहे. २०२५ नंतर सुरू होणाऱ्या करवर्षांपासून मालक प्रत्यक्ष दिलेल्या पगाराऐवजी पगारी रजेच्या विम्याच्या हप्त्यावर क्रेडिट घेऊ शकतो, त्या वर्षी कोणी रजा घेतली नसली तरीही. दहा-बारा माणसांच्या दुकानात एका वर्षी दोघी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर मालकाचा ताळेबंद कोलमडतो. ठरावीक हप्ता त्याला पेलतो. पात्रतेसाठी लागणारी एक वर्षाची नोकरी मालकाने ठरवल्यास सहा महिन्यांवर आणता येते, आणि कर्मचारी साधारणपणे आठवड्याला किमान २० तास काम करणारा असावा अशी नवी अटही आली.

या उपायावरची मुख्य टीका अशी की, तो आधीच रजा देत असलेल्यांना बक्षीस देतो आणि न देणाऱ्यांना फारसा हलवत नाही. वरचा हिशेब पाहता ती खोटी म्हणता येत नाही. रुपयातले बारा आणे स्वतः घालायला तयार नसलेला मालक चार आण्यांच्या आशेने तयार होईल, असे सहसा घडत नाही. मुळातली दोन वर्षांची मुदत हाही दोषच होता. कायमचे धोरण लिहायला लावायचे आणि सवलत मात्र तात्पुरती द्यायची, यावर कोण विसंबेल? शिवाय हे क्रेडिट परतावायोग्य नाही. कर लागत असेल तरच त्याचा उपयोग. न वापरलेली रक्कम एक वर्ष मागे वा वीस वर्षे पुढे नेता येते. तोट्यातल्या नव्या उद्योगाला ते आज कामाचे नाही आणि करमुक्त धर्मादाय रुग्णालयांना व शाळांना तर नाहीच, जरी तिथे कमी पगाराच्या स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात.

उपाय वेगळाही करता येतो हे करोनाकाळात दिसले. मार्च २०२० च्या कायद्याने ५०० हून कमी कर्मचारी असलेल्या मालकांवर आजारपणाची व मुलांच्या शाळा बंद असल्यामुळे लागणारी पगारी रजा सक्तीची केली आणि कमाल मर्यादेच्या आत तिचा शंभर टक्के खर्च क्रेडिटमधून भरून दिला. ते क्रेडिट पगारातून भराव्या लागणाऱ्या करांवर होते आणि परतावायोग्य होते, म्हणून तोट्यातल्या आणि करमुक्त संस्थांनाही मिळाले. सक्ती २०२० अखेर संपली. ऐच्छिक रजेवरचे क्रेडिट ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चालले.

भारतात वाट उलटी आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ती सक्तीची आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील स्त्रियांचा भार ती योजना उचलते. बाकीच्यांचा संपूर्ण भार मालकावर पडतो. त्यामुळे मालक बायकांना कामावर घ्यायलाच कचरतील अशी भीती तेव्हा व्यक्त झाली आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१८ मध्ये सात आठवड्यांच्या वेतनाची भरपाई मालकांना देण्याचा प्रस्ताव मांडला होता.