जुन्या गिब्सनचा आवाज: लाकडापेक्षा वेटोळी बघा

१९५८ ते १९६० मधली गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार आज लाखो डॉलरला विकली जाते आणि श्रेय मिळतं ‘मुरलेल्या लाकडाला’. लाकडाला काहीच किंमत नाही असं नव्हे. पण अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो तो पिकअपमधला, म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबकीय भागातला, विद्युतसंकेत.

साध्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असतं. वर गिटारची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात विद्युतदाब तयार होतो. मात्र आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची घरघरही त्यात शिरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, त्यांचे ध्रुव विरुद्ध केले आणि जोडणीही उलट केली. घरघर ध्रुव ओळखत नाही, त्यामुळे उलट जोडणीत ती वजा होते. तारेचा संकेत ध्रुवामुळे एकदा आणि जोडणीमुळे पुन्हा उलटतो, म्हणून त्याची बेरीज होते. पेटंटचा अर्ज १९५५ चा; पिकअपच्या खालच्या बाजूच्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ (पेटंटसाठी अर्ज केला आहे) या चिठ्ठीवरून अशा पिकअपला पीएएफ म्हणतात.

खरी गंमत वजाबाकीत आहे. दोन वेटोळ्यांत साधारण १८ मिलिमीटर अंतर असतं. ज्या उपस्वराची (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वराची) अर्धी तरंगलांबी तेवढीच, तो दोन्हीकडे विरुद्ध दिशेने हलतो आणि नाहीसा होतो. ६२८ मिलिमीटरच्या तारेवर हा साधारण ३५ वा उपस्वर; सर्वांत जाड, ८२ हर्ट्झच्या तारेसाठी सुमारे २,९०० हर्ट्झ. त्या काळी प्रत्येक वेटोळ्याला ४२ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचे सुमारे ५,००० वेढे देत, पण मोजणी काटेकोर नव्हती. वेढे असमान झाले की वजाबाकी अपुरी राहते: थोडी घरघर उरते, पण तो तीक्ष्ण उपस्वरही थोडा वाचतो. चुंबकही एकाच प्रतीचे नसत. म्हणून दोन पीएएफ सारखे वाजत नाहीत, काही तर अगदीच सुमार असतात.

क्रीम रंगाच्या बॉबिनसाठी, म्हणजे वेटोळं ज्यावर गुंडाळतात त्या रिळासाठी, जास्त पैसे मोजतात. आवाजाशी त्या रंगाचा काडीचा संबंध नाही. विक्रेते वेटोळ्यांचा रोध ‘७.९ किलोओहम’ अभिमानाने सांगतात. पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो: १० अंश उकाडा वाढला की ७.६ चे ७.९ होतात. त्यापेक्षा गिटारपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची केबल तपासा. वेटोळ्याचं प्रवर्तकत्व ४.४ हेन्री आणि वेटोळं व ५ मीटर केबल मिळून एकूण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ६०० पिकोफॅरड धरली, तर अनुनाद, म्हणजे पिकअप जिथे सर्वांत जोरात प्रतिसाद देतो ती वारंवारता, ३,१०० हर्ट्झजवळ येतो. मीटरला १०० पिकोफॅरडची ही ५ मीटर केबल काढून १० मीटरची लावली, तर तो २,३०० वर घसरतो आणि तीच गिटार मंद वाटू लागते.