कारखान्याच्या आवाजाने कान गेले, तर भरपाईचा अर्ज कुठे अडतो

नागपूरजवळ हिंगणा, बुटीबोरीकडच्या कारखान्यांत प्रेस शॉपमध्ये किंवा कॉम्प्रेसरपाशी वर्षानुवर्षे काम केलेली माणसं आधी मेयो नाहीतर मेडिकल ही सरकारी रुग्णालयं गाठतात, अपंगत्व प्रमाणपत्रासाठी. तिथे बहुतेकांना नकार मिळतो. त्या प्रमाणपत्राला दोन्ही कानांत, बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवर, किमान 60 डेसिबलची घट लागते. यंत्राचा आवाज मात्र आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं नेतो. म्हणजे बोलणं अर्धवट कळतं, कानात शिट्टी वाजत राहते, तरी कागदावर तुम्ही धडधाकट. हा नकार घेऊन घरी बसू नका, भरपाईचं दार वेगळं आहे.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापली जात असेल तर आपल्या ईएसआय दवाखान्यातून सुरुवात करा. आजार कामामुळे झाला का, हे विशेष वैद्यकीय मंडळ ठरवतं. ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. ईएसआयवाल्याला आयुक्तांकडे जाता येत नाही, चुकीच्या दारात महिने घालवलेले लोक मी पाहिलेत.

आवाजाने आलेला श्रवणदोष व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. अट एकच, तशा कामावर सलग किमान सहा महिने. कंत्राटी कामगार इथेच पडतो. कंत्राटदार बदलला की काही ठिकाणी नवा विमा क्रमांक काढतात आणि जुनी नोकरी कागदावरून गायब होते. जुनाच क्रमांक चालू ठेवायला सांगा, आणि प्रत्येक कंत्राटदाराची एक तरी पगार पावती जपा.

आधार, बँक पासबुक, विमा कार्ड हे सगळ्यांकडे असतं. कोणाकडेच नसतो तो कामावर लागतानाचा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट. जास्त आवाजाच्या कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी कानाची तपासणी व्हायला हवी. ती झालीच नाही तर कामगाराने कागद आणायचा कुठून? पण मागितला जातो त्याच्याकडेच. वार्षिक तपासणीची प्रत आणि विभागातल्या आवाज मोजणीचा अहवाल कारखान्याकडे लेखी मागा. मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल, चार तासांना 95. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर मोजणीची मागणी आजच करा.

नवी तपासणी पाळी सुटल्यावर लगेच करू नका. गोंगाटानंतर कान काही तास तात्पुरते बधिर असतात, आणि त्या कारणाने रिपोर्ट बाद होतो. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी करा. आदल्या रात्री वरातीतल्या डीजेपासूनही लांब राहा.

भरपाई कायद्यातली दोन वर्षांची मुदत लोक नोकरी सुटल्यापासून मोजतात. ते चूक आहे. आजारामुळे कामावर जाणं थांबलं असेल तर मुदत सलग गैरहजेरीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. कमी ऐकू येत असूनही कामावर जात असाल, तर मालकाला लेखी कळवल्याच्या दिवसापासून. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं उघड झाली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस धरतात.

म्हणून ते कळवणं तोंडी नको. दोन प्रती करा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. सही द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती अर्जाला जोडा.